धान्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या

पांढुर्ण्याच्या स्टेशनावर गाडी जेमतेम थांबायची, म्हणून बाबांनी माझी ट्रंक आणि वळकटी तासभर आधीच फलाटाच्या टोकाशी नेऊन ठेवली होती. आई ट्रंकेवर बसली होती. धाकटा वसंत रुळांकडे बघत उभा होता. गाडी नागपूरहून यायची होती आणि तिच्या डब्यांत आमच्या ऑफिसची बरीच माणसं बसलेली असणार, हे मला ठाऊक होतं. मी आठ दिवसांची रजा काढून घरी आले होते, त्यामुळे मला मधल्या स्टेशनावर चढायचं होतं.

हे सगळं छप्पन सालचं. राज्यं नव्यानं आखली गेली. नागपूर राजधानी होतं ते राहिलं नाही. विदर्भ मुंबईकडे गेला आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. म्हणजे सौंसर, पांढुर्णा आणि आसपासची सगळी मराठी बोलणारी गावं नव्या हिंदी राज्यात राहिली. राजधानी भोपाळ. नागपूरच्या सचिवालयात याद्या लागल्या तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावरच्या वर्ध्याच्या मुलीचं नाव मुंबईच्या यादीत निघालं आणि माझं भोपाळच्या. मी टायपिस्ट होते. तेवीस वर्षांची. नोकरी कायम झालेली होती आणि ती मला सोडायची नव्हती.

बाबा गावातल्या जिनिंगमध्ये काट्यावर मुनीम होते. कापसाच्या गाड्या आल्या की वजन करायचं आणि ओरडून सांगायचं, हे त्यांचं काम. घरात मात्र कमी बोलत. त्या आठ दिवसांत ते एकदाच या विषयावर बोलले. "नागपूर ठीक होतं बाप्पा. तिथं तुहा काका होता, त्याच्या घरी तू राहत होती. भोपाळले कोन हाय आपलं?" मी ताटातलं संपवून उठले.

गाडी दिसायला लागली तेव्हा ते पुन्हा बोलले. "तीन महिने पाह्य. राहाले धड जागा भेटली तं ठीक. नाही तं वापस ये. बोरगावचे लोक थांबून राहिले."

बोरगावचे लोक म्हणजे माझ्यासाठी आलेलं स्थळ. संत्र्याचा बगीचा, विहीर, एकुलता एक मुलगा. वाईट काही नव्हतं. मुलगा मी एकदा पाहिला होता, शांत वाटला. पण त्या घरात गेले असते तर टाइपरायटरला पुन्हा हात लागला नसता, हेही मला दिसत होतं. मी "हो" म्हटलं आणि डब्यात चढले. आईनं खिडकीतून संत्र्यांची पिशवी आत दिली आणि पोचल्याबरोबर कार्ड टाकायला सांगितलं. मी रडले नाही. बैतूल गेल्यावर संत्रं सोलायला घेतलं तेव्हा रडले, आणि समोर बसलेल्या मुलीनं न विचारता माझ्या हातातलं संत्रं घेऊन सोलून दिलं.

ती कुसुम. सौंसरची. आम्ही नागपूरला एकाच इमारतीत काम करायचो, पण ती दुसऱ्या मजल्यावर आवक-जावक विभागात आणि मी तळमजल्यावर, त्यामुळे तोंडओळखच होती. इटारसी येईपर्यंत मला तिची सगळी हकीकत कळली. लग्न झालं, दोन वर्षांनी नवऱ्यानं दुसरं घर केलं, हिला माहेरी आणून सोडलं. चार वर्षांची मुलगी, शोभा, सौंसरला कुसुमच्या आईपाशी. "मी जागा पाहिली की पोरीले आणते," ती म्हणाली. रडगाणं नाही, काही नाही. आज डाळ टाकायची की भाजी करायची, त्या आवाजात.

भोपाळमध्ये आम्हा बायकांची सोय एका जुन्या इमारतीच्या दालनात केली होती. अकरा खाटा, मधे दोरीवर टाकलेल्या चादरी. पुरुष मंडळी तर बराकीत, काही तंबूत. कुणाचीच चूक नव्हती. एवढी माणसं एकदम एका गावात उतरली, घरं कुठून येणार? सरकारी क्वार्टर बांधली जात होती, पण जी होती ती बायकामुलं असलेल्यांना आधी मिळणार, हे उघडच होतं. आम्हाला सांगितलं, हे दालन तात्पुरतं आहे, आपापली सोय बघत राहा.

तेव्हा आम्ही बघायला लागलो. शनिवारी अर्धा दिवस आणि रविवार पूर्ण. जुन्या शहराचे दरवाजे, त्यांच्या आतल्या गल्ल्या, तलावाकडे उतरणाऱ्या पायऱ्या, हे सगळं मी भाड्याची खोली शोधता शोधताच पाहिलं. आजही कुणी पाहुणे आले आणि शहर दाखव म्हणाले, तर माझ्या मनात पहिल्यांदा येतं ते असं: इथं वरची खोली रिकामी होती, इथं म्हातारीनं दार लावून घेतलं.

एकटीच्या पगारात एक खोलीसुद्धा धड मिळेना. नागपूरहून लोक आल्याचं कळलं तसे घरवाल्यांनी भाव चढवले होते. दोघींचा पगार एकत्र केला तर दोन खोल्या परवडतील, असा हिशोब कुसुमनंच मांडला. एक खोली तिला आणि शोभाला, एक मला. चूल एक. पांढुर्ण्याला आमच्या घरात मला कधी स्वतःची खोली नव्हती, त्यामुळे ते शब्द ऐकूनच मला थोडी भीती वाटली.

पण परवडणं ही पुढची गोष्ट होती. आधी प्रश्न यायचा, "घर में मर्द कौन है?" कुणी ओट्यावर बसून विचारायचं, कुणी पडद्यामागून. कुणी आडून विचारायचं, "आप दोनों के अलावा और कौन रहेगा?" आम्ही कुणी नाही म्हटलं की खोली आताच गेलेली असायची, नाहीतर रंग द्यायची असायची, नाहीतर भाचा येणार असायचा. एका घरी तर आमच्यासमोरच खोलीला कुलूप लावलं आणि सांगितलं की खोली नाही. आमच्याशी कुणी उर्मट बोललं नाही. भोपाळची माणसं नाही म्हणतानासुद्धा पाणी विचारतात. नाही ऐकायच्या आधी किती ठिकाणी पाणी प्यायले, त्याची गणती नाही.

डिसेंबर आला. दालनातल्या खाटा कमी व्हायला लागल्या. कुणाचा नवरा आला, कुणाचा भाऊ. एका रविवारी परत येताना मी कुसुमला म्हटलं, "आपण सांगू या ना, तुझा नवरा येणार आहे म्हणून. नागपूरला काम आवरून येणार आहे. एकदा राहायला लागलो की कोण काढतं?"

ही युक्ती माझी होती, हे मी इथं लिहून ठेवते. कुसुम म्हणाली, "त्याचं नाव मले पुन्हा घ्या लागन."

"नाव कशाला? नुसतं 'ते' म्हण."

पुढच्याच आठवड्यात घर मिळालं. गल्लीच्या आतल्या अंगाला, दोन लहान खोल्या आणि सामाईक अंगण. घरमालकीण म्हातारी होती, सगळी गल्ली तिला अम्मा म्हणायची. तिनं कुसुमच्या कपाळावरचं कुंकू पाहिलं, नवरा येणार हे ऐकलं आणि किल्ली काढून दिली. आम्ही ट्रंका आणल्या, स्टोव्ह आणला. पहिल्या दिवशी मी बाबांना कार्ड टाकलं: जागा मिळाली, चांगली आहे, बोरगावला होकार कळवू नका.

अम्मा कजाग असती तर बरं झालं असतं. ती मायाळू निघाली. रोज संध्याकाळी आम्ही ऑफिसातून आलो की विचारायची, "दामाद साहब की चिट्ठी आई?" थंडी वाढली तेव्हा तिनं घरातली एक रजई काढून कुसुमला दिली. म्हणे, "वो आएँगे तो दो लगेंगी।" एक दिवस गाजराचा हलवा करून आणला आणि बजावलं की पाहुणे आले की पहिलं जेवण तिच्याकडे. कुसुम ते सगळं मान खाली घालून घ्यायची. मुलीला आणायचं नाव काढेना. मी विचारलं तर म्हणाली, "पोरगी आली का अम्मा तिले विचारन, तुझे अब्बा कवा येऊन राहिले. चार वर्षांच्या पोरीले मी काय शिकवू?"

जानेवारीच्या मध्याला तिनं मला न सांगता अम्माला सगळं खरं सांगून टाकलं. मी नळावर होते. परत आले तर दोघी अंगणात बसलेल्या, दोघींचे डोळे लाल. अम्मा कुसुमचा हात धरून म्हणत होती, "पहले बता देती, बेटी। पहले बता देती।" मला वाटलं, सुटलो. पण तिनं पुढं सांगितलं की गल्लीतले लोक आता तिलाच विचारतील, ती एकटी बाई, ती कुणाकुणाला तोंड देणार? महिनाअखेर खोल्या रिकाम्या करून द्या. रजई मात्र परत घेतली नाही.

त्या दिवशी मला कुसुमचा राग आला होता. अजून चार महिने गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं, असं मी तिला बोललेही. ती म्हणाली, "तुले काय, तुले नवरा नव्हताच. मी रोज त्याले घरात आणून बसवत होती."

दालनातल्या आमच्या खाटा दुसऱ्यांना गेल्या होत्या. चौकशी केली तर इमारतच दुसऱ्या कामाला घेणार होते. माझे तीन महिने संपत आले होते. मी बाबांना पत्र लिहिलं. खोटं सांगून घर घेतलं होतं हे लिहिलं, ते गेलं हेही लिहिलं. शेवटी लिहिलं की तुम्ही आठ दिवस आलात, घरमालकासमोर उभे राहिलात, तर जागा मिळेल. नाही आलात तर मी परत येते.

उत्तराचं कार्ड आलं नाही. पाचव्या दिवशी ऑफिसच्या फाटकाशी बाबा उभे होते. धोतर, काळी टोपी, खांद्यावर घोंगडी, हातात संत्र्यांची टोपली. जानेवारी म्हणजे कापसाचा भर हंगाम. हंगामात त्यांनी कधी एक दिवस रजा घेतलेली मला आठवत नाही. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नालासुद्धा ते संध्याकाळी पोचले होते. आणि आता मला म्हणाले, "अकरा दिवसाची सुटी काहाडली. चाल, कुठं जा लागते?"

ते ऑफिसातल्या एका छिंदवाड्याच्या कारकुनाकडे, बराकीत, उतरले. रोज संध्याकाळी आम्हाला न्यायला यायचे आणि आम्ही तिघं निघायचो. मी त्यांना पढवून ठेवलं होतं. "तुम्ही इथंच राहणार असं सांगा. पेन्शन झाली, आता मुलीकडे राहणार. एवढंच." ते ऐकून घ्यायचे. हो म्हणायचे नाहीत आणि नाहीही म्हणायचे नाहीत. पहिली दोन-तीन घरं भाड्यावरूनच सुटली, त्यामुळे बोलण्याची वेळ आली नाही.

चौथ्या दिवशी जुन्या शहरातल्या जुमेराती बाजाराकडच्या एका गल्लीत गेलो. खाली धान्याचं दुकान, वर दोन खोल्या, बाहेरून लाकडी जिना. दुकानाचे आणि खोल्यांचे मालक सेठजी गिऱ्हाइकात होते, म्हणून आम्हाला बाकावर बसायला सांगितलं. बाबा बसले नाहीत. उभे राहून तराजूकडे बघत राहिले. एक बाई गहू घेऊन गेली, एक म्हातारा डाळ घेऊन गेला. मग बाबा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "काटा खरा हाय. मानूस बरा असन."

सेठजी साठीचे, जाड चष्म्याचे. त्यांनी आम्हाला वर नेलं. एक खोली थोडी मोठी, एक लहान, पुढं टिनाच्या छपराचा व्हरांडा, तिथं चूल मांडता आली असती. लहान खोलीला गल्लीकडे खिडकी होती. खालून गव्हाचा वास येत होता. भाडं त्यांनी सांगितलं ते आमच्या आवाक्यातलं होतं, अगदी काठावरचं, पण आवाक्यातलं. मी बाबांकडे पाहिलं.

सेठजींनी विचारलं, "तो बाबूजी, आप यहीं रहेंगे बच्चियों के साथ?"

बाबांची हिंदी म्हणजे आमच्या पांढुर्ण्याची हिंदी. ते म्हणाले, "नहीं जी। मैं तो मेहमान हूँ। सात दिन में वापस जाऊँगा। मेरा काम उधर है।"

मी त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय बाजूला घेतला.

"फिर यहाँ कौन रहेगा?"

"ये दोनों। ये मेरी लड़की, ये इसकी सहेली। दोनों नौकरी करती हैं। किराया येही देंगी, घर भी इनका ही समझो।"

सेठजींनी चष्मा काढून पुसला. माझ्या डोळ्यांसमोर पांढुर्ण्याचा फलाट यायला लागला. ते म्हणाले, "बाबूजी, ऐसा करते हैं, रसीद आपके नाम से काट देता हूँ। कोई पूछे तो कहने को रहेगा।"

आता तरी हो म्हणतील, असं मला वाटलं. एवढं काय होतं त्यात? नुसतं एक नाव. पण बाबा म्हणाले, "मेरे नाम से काहे को? रहेगी ये, पैसा देगी ये। मैं मर गया तो क्या इनको निकालोगे? इसके नाम से काटो।"

"औरत के नाम से हमने कभी काटी नहीं।"

"तो अब काटो।"

खाली दुकानात कुणीतरी सेठजींना हाक मारली, त्यांनी ती ऐकली नाही. ते कुसुमकडे वळले. "और बेटी, तुम्हारे यहाँ?"

कुसुमनं पदर सारखा केला. "मेरी एक लड़की है, चार साल की। वो मेरे साथ रहेगी। उसके बाप ने छोड़ दिया।" इतकं म्हणून ती थांबली, आणि मग जे तिनं कुणालाच आजवर सांगितलं नव्हतं ते म्हणाली, "वो आएगा भी, तो मैं उसको घर में नहीं लूँगी।"

सेठजी जिन्याच्या दारापर्यंत गेले. मला वाटलं, चला, इथलंही पाणी प्यायचं आणि निघायचं. ते मागं वळले आणि म्हणाले, "नल नीचे है। पानी सुबह छह से सात आता है, फिर नहीं आता। बाद में मुझसे मत कहना।"

हे हो आहे, हे कळायला मला एक क्षण लागला. कुसुमला आधी कळलं. ती चुलीची जागा बघायला व्हरांड्यात गेली.

पावतीवर त्यांनी माझं नाव लिहिलं: सुमन बाई, पांढुर्णावाली. आडनाव विचारलंच नाही.

जिना उतरताना मी बाबांवर चिडले. "तुमच्यामुळे घर गेलं असतं. एवढं एक वाक्य बोलायला काय जात होतं?" ते एकेक पायरी सांभाळून उतरत होते. खाली आल्यावर म्हणाले, "गेलं असतं तं दुसरं पाह्यलं असतं. मी सात दिवसानं गेलो असतो, मंग त्यानं विचारलं असतं, थो बुढा कुठं गेला? पुन्हा तुहं सामान रस्त्यावर. एकदा झालं ना तसं? दुसऱ्यांदा काहून?"

उरलेले दिवस त्यांनी घर लावण्यात घालवले. व्हरांड्याला एका बाजूनं बांबूच्या तट्ट्या बांधल्या, दाराला आतून नवी कडी बसवून घेतली. वर चढताना गुडघे धरायचे, पण दिवसातून चारदा चढायचे. सेठजींशी त्यांची गट्टी जमली. संध्याकाळी दोघं दुकानात बसून कापूस आणि गव्हाबद्दल बोलत. काय बोलत ते कळत नसे, कारण एक मराठीत शिरायचा आणि दुसरा बुंदेलीत.

जायच्या दिवशी मी त्यांना स्टेशनावर पोचवायला गेले. या वेळी गाडीत ते आणि फलाटावर मी. गाडी हलायच्या बेतात होती तेव्हा म्हणाले, "बोरगाववाल्यायले काय सांगू?"

मला वाटलं होतं तो विषय निघणारच नाही. मी म्हटलं, "नाही म्हणून सांगा."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी मान हलवली. मालाचं वजन एकदा पक्कं झालं की ते पुन्हा काट्याकडे बघत नसत, तशी. आईला मात्र तो नकार पटायला दोन वर्षं लागली. माझ्या लग्नाचं काय, हा प्रश्न तिनं नंतर कितीतरी वेळा काढला. मी तिला दुःख दिलं, हे मला मान्य आहे. स्थळं आली, काही बरी होती, जमलं नाही. पुढं पुढं मीच मनावर घेतलं नाही. याचा पश्चात्ताप होतो का असं मला तरुण मुली विचारतात. कधी कधी होतो, ताप आला की. मग उतरतो.

फेब्रुवारीत कुसुमची आई शोभाला घेऊन आली. सौंसरहून पांढुर्ण्यापर्यंत बस, पुढं रेल्वे. शोभा जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी राहून वर बघत होती आणि वर यायला तयार नव्हती. सेठजींनी दुकानातून गूळ-फुटाणे आणून तिच्या हातात दिले. दोन महिन्यांत ती गल्लीतल्या मुलांशी अशी हिंदी बोलायला लागली की कुसुमला धसका बसला. मग नियम केला: जिन्याखाली काहीही बोला, जिन्यावर मराठी. नियम शोभानं पाळला, पण मोडून पाळला. "आई, मी ना, पतंग लूटून राहिली होती."

त्या दोन खोल्यांत आम्ही नऊ वर्षं राहिलो. उन्हाळ्यात टिनाखाली अंग भाजायचं. गव्हाच्या पोत्यांबरोबर उंदीर यायचे. पाणी सहा ते सातच यायचं आणि सेठजींना आम्ही कधी काही म्हटलं नाही. सेठाणींनी पुढं मला एकदा सांगितलं, त्या दिवशी सेठजी घरात येऊन म्हणाले होते की जो बाप घर हातातून चाललेलं असताना खोटं बोलत नाही, त्याची पोर भाडं बुडवणार नाही. म्हणजे त्यांनीही आपला व्यवहारच पाहिला होता. मला ते ऐकून बरं वाटलं. उपकार म्हणून दिलेलं घर मला जड झालं असतं.

अम्माच्या गल्लीतही आम्ही जायचो, ईदला. पहिल्या वर्षी कुसुम शोभाला पुढं करून गेली. अम्मानं शोभाला मांडीवर घेतलं आणि मागचं काही काढलं नाही. रजई आम्ही परत द्यायला नेली होती. तिनं घेतली नाही, उलट रागावली.

पुढचं सगळं थोडक्यात आहे. शहर टेकड्यांकडे वाढलं, क्वार्टर झाली, आमच्या पाळीनं एक आम्हालाही मिळालं. शोभा शिकली, शिक्षिका झाली, लग्न होऊन इंदूरला गेली. तिच्या लग्नाच्या पत्रिकेत खाली आम्हा दोघींची नावं होती. सौंसरच्या काही नातेवाइकांना ते आवडलं नाही. आले आणि जेवून गेले. निवृत्तीच्या आधी आम्ही दोघींनी मिळून हा फ्लॅट घेतला, दोन बेडरूमचा, दुसऱ्या मजल्यावर. सवयीनं आम्ही त्यालाही 'दोन खोल्या'च म्हणायचो. कुसुम जाऊन आता सहा वर्षं झाली. शोभा इंदूरला चल म्हणते, मी जात नाही. तिथं मी आजी म्हणून राहीन. इथं दूधवाल्याशी भांडायलासुद्धा माझा मला हक्क आहे.

गावाकडच्या मंडळींनो, तुम्ही पांढुर्ण्याला आणि सौंसरला राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही राजधानीत गेलो, आम्हाला बरं झालं. आमच्याबरोबरचे मुंबईला गेले त्यांना वाटायचं, बिचाऱ्या हिंदी मुलखात अडकल्या. दोन्हीत थोडं थोडं खरं असेल. माझ्या मराठीत आता इतकी हिंदी शिरली आहे की पुण्याच्या माणसाला हसू येतं. पण खरं सांगायचं तर ती पांढुर्ण्याहून निघतानाच शिरलेली होती. आपण कुठं शुद्ध बोलत होतो?

बाबांचं प्रत्येक पत्र एकाच ओळीनं संपायचं: "वापस कधी येऊन राहिली?" नोकरी सोडून ये, असा त्याचा अर्थ नव्हता. सुट्टीला कधी येतेस, एवढाच. पण मला ती ओळ प्रत्येक वेळी टोचायची, कारण 'वापस' हा शब्द त्यांनी फक्त पांढुर्ण्यासाठी राखून ठेवला होता. मी भोपाळला निघायचे तेव्हा ते म्हणायचे, "जाऊन ये." ते गेले, मग आई गेली. वसंतनं घर नवं बांधलं, ते छान आहे, मला तिथं पंखा असलेली खोली देतात. फक्त वापस कधी येतेस, हे आता कुणी विचारत नाही. कधी येतेस, कधी जातेस, एवढंच विचारतात.

राजधानीत घर असलं की गावची माणसं येतातच. कुणाचं मोठ्या दवाखान्यातलं ऑपरेशन, कुणाची कचेरीतली फाईल, कुणाची परीक्षा. कुसुमची खोली मी त्यांच्यासाठी ठेवली आहे. मागच्या महिन्यात वसंतची नात येऊन गेली, मुलाखतीसाठी. चार दिवस राहिली. पहिल्या दिवशी पाय आखडून बसली होती, तिसऱ्या दिवशी फ्रिज उघडून बघत होती. मुलाखतीचं काय होईल ते अजून कळलेलं नाही. जाताना खाली रिक्षा उभी होती, तिनं पाया पडून पिशवी उचलली, आणि मी दारातून म्हटलं, "वापस कधी येऊन राहिली?"

म्हटलं आणि मीच थबकले. तिच्या ते लक्षातही आलं नाही. जिना उतरता उतरता ती ओरडली, "नोकरी लागली का लगेच! पन तुम्ही घरी नसाल तं किल्ली कोनापाशी ठेवता, थे सांगून ठेवा आजी."

मी कठड्यावरून वाकून शेजारणीचं दार दाखवलं.